जुना फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

पंचवीस-तीस वर्षं कपाटात पडून असलेला फ्लॉपी ड्राइव्ह जोडला, डिस्क आत सरकवली आणि पडद्यावर 'वाचता येत नाही' असा संदेश आला, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. ड्राइव्ह मेला असं ठरवून तो भंगारात टाकतात, नाहीतर दिसेल तो स्क्रू फिरवायला घेतात. दोन्हींत नुकसानच आहे. माझ्या हाताखालून गेलेले बहुतेक 'मेलेले' ड्राइव्ह मेलेले नव्हतेच. ते मळलेले होते आणि त्यांचं ग्रीस सुकलेलं होतं. कापूस, थोडं अल्कोहोल, थेंबभर तेल आणि एक निवांत दुपार एवढ्यावर ते पुन्हा वाचायला लागले.

सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. आता हातात आहे तेवढाच साठा. म्हणून कामाचा क्रम पाळा असं मी कळकळीने सांगतो: आधी डिस्क बघा, मग हेड (डिस्कला टेकून मजकूर वाचणारा-लिहिणारा भाग) पुसा, मग ग्रीस, मग केबल आणि वीज, मग वेग. हेडची जागा बदलणारे स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि तेही खात्री पटली तरच.

## कोणता ड्राइव्ह आहे ते ओळखा

आयबीएमने १९७१ मध्ये ८ इंची फ्लॉपी आणली. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सने एसए-४०० हा ५.२५ इंची ड्राइव्ह काढला, आणि पुढे १९८० च्या दशकात सोनीची साडेतीन इंची डिस्क सगळीकडे पसरली. नवख्याच्या हाती बहुधा सव्वापाच किंवा साडेतीन इंची ड्राइव्ह येतो, म्हणून या दोघांपुरतंच बोलू.

सव्वापाच इंचीत पीसीच्या दोन जाती सर्रास भेटतात. ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये ४० ट्रॅक (मजकूर ज्यांवर लिहिला जातो ती एककेंद्री वर्तुळं) असतात आणि डिस्क मिनिटाला ३०० फेरे घेते. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ८० ट्रॅक आणि ३६० फेरे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात, त्यामुळे मागच्या किंवा खालच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि त्याचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. साडेतीन इंचीत ७२० केबी आणि १.४४ एमबी, दोन्हींना ८० ट्रॅक आणि ३०० फेरे.

इथेच एक खड्डा आहे. १.२ एमबीचा ड्राइव्ह ३६० केबीची डिस्क छान वाचतो, पण त्यावर लिहायला गेलात तर पस्तावाल. त्याचं हेड साधारण निम्म्या रुंदीचं. जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध तो एक बारीक पट्टी लिहितो आणि दोन्ही कडांना जुना मजकूर तसाच राहतो. ती डिस्क मूळच्या ४० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचं रुंद हेड नवं आणि जुनं एकत्र उचलतं आणि हाती गोंधळ येतो. वाचायला बिनधास्त वापरा, लिहायला नको.

आवाजाबद्दलही आत्ताच सांगतो. कमोडोर संगणकांचा १५४१ आणि ॲपलचा १९७८ चा डिस्क टू हे ड्राइव्ह शून्य क्रमांकाचा ट्रॅक सेन्सरने ओळखत नाहीत. हेड मागे मागे नेत अडथळ्याला आपटवतात, आणि एवढे ठोके दिले म्हणजे पोचलोच असं धरून चालतात. डिस्क टू सुरू होतानाची ती खडखड बिघाडाची नाही. १५४१ मध्ये मात्र वर्षानुवर्षांच्या या आपटण्यामुळेच हेड जागेवरून सरकतं, तेव्हा त्या आवाजाची नोंद ठेवा.

## डिस्क आधी, ड्राइव्ह नंतर

ही पायरी नवखे वगळतात. मीही वगळली होती, आणि त्याची किंमत अजून आठवते.

सव्वापाच इंची डिस्कांचा एक खोका मिळाला होता. ड्राइव्ह स्वच्छ केलेला, चांगला चालणारा. पहिल्या दोन डिस्क वाचल्या. तिसरी घातली तशी आतून बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला, ओल्या काचेवरून बोट ओढल्यावर येतो तसा. वाटलं, डिस्कच खराब आहे. ती काढून चौथी घातली, तीही किंचाळली. पाचवी, सहावी, सातवी, सगळ्यांची तीच गत. शेवटी झाकण उघडून हेडवर कापसाची काडी फिरवली तेव्हा काडीवर तपकिरी चिखल आला. तिसऱ्या डिस्कचा चुंबकीय थर सुटून हेडला चिकटला होता, आणि तो घट्ट गोळा पुढच्या चार डिस्क खरवडत गेला होता. त्या डिस्क दिव्यासमोर धरल्या तर तपकिरी पृष्ठभागावर गोल गोल रेघा दिसत होत्या, आणि त्या रेघांतून आरपार उजेड येत होता. तिथे थरच उरला नव्हता, मजकूर कुठून राहणार? त्या चार डिस्कांवर काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

तेव्हापासून डिस्क आत जाण्याआधी तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही:

१. टेबलावरचा दिवा तिरका ठेवा. साडेतीन इंची डिस्कची धातूची झडप बोटाने सरकवा आणि मागची धातूची चकती हळूहळू फिरवत पूर्ण फेरा बघा. सव्वापाच इंचीत लांबट खिडकीतून दिसतं, मधल्या भोकात दोन बोटं घालून डिस्क फिरवा.

२. पांढरट-राखाडी ठिपके किंवा जाळीदार डाग म्हणजे बुरशी. एककेंद्री रेघा म्हणजे ओरखडे. पृष्ठभाग ठिकठिकाणी निस्तेज, चिकट वाटत असेल तर थर सुटतोय.

३. यातलं काहीही दिसलं तर ती डिस्क बाजूला ठेवा. चांगल्या डिस्क आधी वाचून घ्या.

४. संशयित डिस्क घालावीच लागली तर प्रत्येक डिस्कनंतर हेड पुसा. किंचाळणं ऐकू आलं की त्या क्षणी थांबा.

बुरशी आलेली सव्वापाच इंची डिस्क धुता येते. हातमोजे घाला, तोंडावर मास्क लावा, बुरशीचे कण फुप्फुसात जाऊ देऊ नका. पाकिटाची एक कड ब्लेडने अलगद कापा, आतली गोल चकती कडेला धरून बाहेर काढा, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब घातलेल्या डिस्टिल्ड पाण्यात बोटांच्या पोटांनी हलकेच धुवा, साध्या डिस्टिल्ड पाण्यातून काढा आणि धागे न सुटणाऱ्या कापडावर पूर्ण वाळू द्या. मग ती दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी डिस्कच्या स्वच्छ पाकिटात घालून वाचा. जुन्या पाकिटात परत घालू नका, तिथल्या अस्तरात बुरशी बसलेलीच असते. चकतीवर थेट अल्कोहोल चोळण्याची घाई करू नका. काही डिस्कांचा थर त्याने विरघळतो. आधी अगदी आतल्या कडेला, जिथे मजकूर नसतो, तिथे काडी टेकवून बघा.

आणि डिस्क ड्राइव्हमध्ये जाण्याआधी तिला लिहिण्यापासून संरक्षण द्या. दोन जातींचा नियम उलटा आहे. सव्वापाच इंचीत बाजूची खाच चिकटपट्टीने झाकली की संरक्षण, साडेतीन इंचीत छोटी खिडकी उघडी असली की संरक्षण.

## हेड पुसणं

लागणारं सामान थोडं आहे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या किंवा फोमच्या काड्या, मऊ ब्रश, चिमटा, स्क्रूड्रायव्हर आणि चांगला उजेड. औषधाच्या दुकानातलं पाणी जास्त असलेलं स्पिरिट टाळा, कारण त्यात कधी कधी सुगंधी तेलं असतात आणि ती मागे थर सोडतात.

वीज काढा, केबल काढा, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या. वरचं पत्र्याचं झाकण काढा. आत जमलेली धूळ ब्रशने बाहेर ओढा. हवेच्या डब्याने जोरात फुंकर मारली तर तीच धूळ हेडच्या फटीत जाऊन बसते.

आता हेडकडे बघा. दोन बाजूंच्या ड्राइव्हमध्ये एक हेड खाली आणि एक वर असतं, मधे डिस्क जाते. वरचं हेड कागदासारख्या पातळ धातूच्या पट्टीवर तरंगत असतं, आणि ती पट्टी एकदा वाकली की तो ड्राइव्ह घरच्या हत्यारांनी सरळ होत नाही. म्हणून वरच्या हेडचा दांडा उचलताना डिस्क आत जायला लागते तेवढीच फट करा, जास्त नाही. काडी अल्कोहोलमध्ये बुडवून झटका, टपकत असेल तर टिपून घ्या, आणि हेडच्या गुळगुळीत पृष्ठभागावर अगदी हलक्या हाताने फिरवा. काडीवर काही आलं तर नवी काडी घ्या. काडी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवा. कापसाचा एखादा धागा हेडच्या कडेला अडकला तर चिमट्याने ओढू नका, दुसऱ्या ओल्या काडीने सोडवून घ्या.

एका बाजूच्या ड्राइव्हमध्ये वर हेड नसतं, फेल्टची छोटी गादी असते. ती डिस्कला खालच्या हेडवर दाबून धरते. या गादीला अल्कोहोल लावू नका. झिजून कडक झाली असेल किंवा गळून पडली असेल तर बदला, कारण तिच्याशिवाय हेड आणि डिस्क यांचा नीट स्पर्शच होत नाही आणि तुम्ही उगाच इलेक्ट्रॉनिक्सवर संशय घेत बसता.

## सुकलेलं ग्रीस

साडेतीन इंची ड्राइव्हच्या बिघाडांचं माझ्या अनुभवातलं पहिलं कारण हेच. कारखान्यात लावलेलं ग्रीस दोन-तीन दशकांत मेणासारखं घट्ट होतं. हेड पुढे-मागे नेणाऱ्या स्क्रूच्या आट्यांमध्ये ते बसलं तर हेडला ट्रॅकमागून ट्रॅक सरकवणारी स्टेपर मोटर घरघर करते आणि हेड मधल्याच ट्रॅकवर अडकतं. पण त्याहून घातक प्रकार डिस्क उचलणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्रणेत घडतो.

डिस्क बाहेर काढताना काय होतं ते नीट समजून घ्या. बटण दाबलं की पत्र्याची एक चौकट सरकते, वरचं हेड उचललं जातं, आणि मगच डिस्क पुढे ढकलली जाते. चौकटीचं ग्रीस सुकलं की ती अर्धवट सरकते. डिस्क निघायला लागते, हेड मात्र अजून खालीच असतं. डिस्कची झडप बंद होऊ बघते आणि तिची कड वरच्या हेडला हुकासारखी धरते. इथे वैतागून डिस्क जोरात ओढली की हेड त्या पातळ पट्टीसकट उखडतं. डिस्क अडकली तर कधीही ओढू नका. झाकण काढा, वरून बघत दांडा काडीने हलकेच उचला, आणि मग डिस्क सरळ रेषेत बाहेर घ्या.

ग्रीस बदलताना जुनं आधी पूर्ण काढा. आट्यांमधलं दातकोरणीने खरवडा, बाकी अल्कोहोलच्या काडीने पुसा, चौकटीच्या खाचा आणि खुंट्याही स्वच्छ करा. मग स्क्रूवर आणि चौकटीच्या घासणाऱ्या जागी प्लास्टिकला न खाणारं पातळ सिंथेटिक ग्रीस किंवा पांढरं लिथियम ग्रीस लावा, तेही काडीच्या टोकावर मावेल इतकंच. हेडच्या गाड्याच्या दांड्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पुसल्यासारखा लावला की पुरे. गंज सोडवायचे फवाऱ्याचे डबे ड्राइव्हपासून लांब ठेवा. ते पसरतं, हेडवर जातं, मोटरच्या रबरी पट्ट्यावर जातं, आणि काही महिन्यांत उडून जाऊन मागे चिकट थर सोडतं. ग्रीस लावल्यावर एखादी टाकाऊ डिस्क वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा, चौकट दर वेळी 'खट्ट' असा एकच स्वच्छ आवाज करत बसली पाहिजे.

जुन्या मॅकिंटॉशच्या आपोआप डिस्क बाहेर टाकणाऱ्या ड्राइव्हमध्ये याच कामाला एक छोटी मोटर आणि प्लास्टिकची दातेरी चाकं असतात. त्यातलं एक चाक वयाने ठिसूळ होऊन फुटतं. मोटर फिरण्याचा आवाज येतो आणि डिस्क जागची हलत नाही, असं असेल तर चाक तपासा. बदली चाकं मिळतात. बसवण्याआधी जुन्याचे सगळे तुकडे वेचून काढा, नाहीतर नवंही अडकेल.

## केबल आणि वीज

३४ तारांच्या चपट्या केबलला एका कडेला रंगीत रेघ असते. ती तार १ क्रमांकाच्या पिनकडे जाते. वीज दिल्याबरोबर ड्राइव्हचा दिवा लागून लागलेलाच राहिला, तर बहुतेक वेळा केबल एका टोकाला उलटी बसली आहे. घाबरू नका, बंद करा आणि फिरवून लावा. पीसीच्या केबलमध्ये काही तारांना पीळ असतो आणि पिळानंतरच्या टोकाला ए ड्राइव्ह लागतो. इतर अनेक जुन्या यंत्रांत केबल सरळ असते आणि कोणता ड्राइव्ह कितवा हे ड्राइव्हवरच्या जम्परने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने, ठरतं. म्हणून जम्पर हलवण्याआधी फोटो काढून ठेवा.

सव्वापाच इंची ड्राइव्हच्या मागे सर्किट बोर्डाचीच कड कनेक्टर म्हणून वापरलेली असते. तिचे पट्टे काळवंडलेले असतील तर पांढऱ्या खोडरबराने घासा आणि अल्कोहोलने पुसा. एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर टर्मिनेटर म्हणवणारा रेझिस्टरचा पॅक केबलच्या शेवटच्या ड्राइव्हमध्येच हवा.

विजेचा प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा: लाल तार ५ व्होल्ट, पिवळी १२ व्होल्ट, काळ्या दोन ग्राउंडच्या. साडेतीन इंची ड्राइव्हचा छोटा प्लग एक पिन सरकवून बसवणं सहज घडतं आणि त्यात ड्राइव्ह जळतो, तेव्हा तो डोळ्यांनी बघून बसवा, चाचपडत नको. ज्या ड्राइव्हच्या पेटीत स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे तिथे घरगुती विजेचा धक्का बसू शकतो. तो उघडताना भिंतीतला प्लग काढलेलाच असला पाहिजे.

आत बहुधा प्रकाशावर चालणारे बारीक सेन्सर असतात. एक शून्य ट्रॅकसाठी, एक संरक्षणाच्या खाचेसाठी, आणि सव्वापाच इंचीत एक डिस्कच्या छोट्या भोकासाठी. त्यांच्यावर धूळ बसली की ड्राइव्ह विचित्र वागतो. संरक्षण नसलेल्या डिस्कवर लिहायला नकार देतो किंवा मोटर फिरत असूनही डिस्क नाहीच म्हणतो. ब्रशचा एक हात पुरतो.

## वेग

मिनिटाला ३०० फेरे म्हणजे एक फेरा बरोबर २०० मिलिसेकंदांत. ३६० फेऱ्यांच्या ड्राइव्हमध्ये हाच काळ १६६.७ मिलिसेकंद. एखाद-दुसरा फेरा इकडेतिकडे चालतो, पाच-सहा फेऱ्यांचा फरक पडला की लक्ष द्यायचं.

मोजायचे दोन मार्ग. बऱ्याच जुन्या ड्राइव्हच्या खालच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची वर्तुळं छापलेली असतात. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटखाली ती बघा. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, चाक सेकंदाला ५ फेरे घेतं, म्हणून २० पट्ट्यांचं वर्तुळ स्थिर उभं दिसलं की वेग अचूक. ६० हर्ट्झसाठी २४ पट्ट्यांचं वर्तुळ असतं. पट्ट्या पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे तर कमी. एलईडीखाली बहुधा हे दिसत नाही. दुसरा मार्ग सॉफ्टवेअरचा. डॉसवरचा इमेजडिस्क हा प्रोग्रॅम वेग दाखवतो, आणि ग्रीझवीझलसारख्या, फ्लॉपी ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी बोर्डालाही तो मोजता येतो.

आकडा स्थिर आहे पण चुकीचा आहे, तर मोटरच्या बोर्डावरचा छोटा पेच केसभर फिरवून बघा. आकडा सतत वर-खाली होतोय, तर पेचाला हात लावू नका. दोष पट्ट्यात, बेअरिंगमध्ये किंवा डिस्क पकडणाऱ्या मधल्या शंकूत आहे. रबराचा पट्टा ताणला जातो, गुळगुळीत होतो, कधी डांबरासारखा वितळून पुलीला चिकटतो. तो डांबराचा थर अल्कोहोलने पूर्ण काढल्याशिवाय नवा पट्टा बसवू नका. नंतरच्या ड्राइव्हमध्ये पट्टा नसतोच, मोटर थेट फिरवते. आणि जुन्या मॅकिंटॉशच्या ४०० आणि ८०० केबी ड्राइव्हमध्ये वेग ट्रॅकनुसार मुद्दाम बदलतो, तिथे ३०० चा आकडा शोधू नका.

## आता तरी वाचतोय का?

इथवर आल्यावर एक सोपी चाचणी करा. एक टाकाऊ पण चांगली डिस्क याच ड्राइव्हमध्ये फॉरमॅट करा, काही लिहा, वाचा. मग दुसऱ्या, खात्रीच्या ड्राइव्हमध्ये लिहिलेली डिस्क घाला. जुन्या सॉफ्टवेअरची कारखान्यात छापलेली मूळ डिस्क असेल तर सगळ्यात उत्तम, संरक्षण मात्र लावूनच.

स्वतःचं लिहिलेलंही वाचता येत नसेल तर हेड अजून मळलेलं आहे, नाहीतर दोष इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. स्वतःचं बिनचूक वाचतो, इतरांचं वाचत नाही आणि याचं लिहिलेलं इतरांना वाचता येत नाही, तर हेड जागेवरून सरकलं आहे. अलाइनमेंटचा, म्हणजे हेडची जागा जुळवण्याचा, विचार फक्त या दुसऱ्या स्थितीत करायचा. ही चाचणी न करता स्टेपर मोटरचे स्क्रू सैल करणारे लोक बघितले की जीव तुटतो, कारण कारखान्यात लाखेने बंद केलेली ती जागा अंदाजाने परत मिळत नाही. सव्वापाच इंची ४० ट्रॅकच्या डिस्कवर दोन ट्रॅकमधलं अंतर साधारण ०.५३ मिलिमीटर असतं, साडेतीन इंचीवर ०.१९ मिलिमीटर. डोळ्याला न दिसणाऱ्या फरकाने सगळं बिघडतं.

करायचंच ठरवलं तर असं करा. मोटरची कड आणि सांगाडा यांवरून टोकदार सुईने एक बारीक रेघ ओढा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. खात्रीची डिस्क संरक्षण लावून घाला आणि इमेजडिस्कची अलाइनमेंट चाचणी मधल्या एखाद्या ट्रॅकवर सतत चालू ठेवा. स्क्रू मोटर जेमतेम हलेल एवढेच सैल करा. मोटर एका दिशेला सरकवत न्या, वाचणं बंद पडेल तिथे खूण करा. उलट दिशेला नेऊन तिथलीही खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे आणून स्क्रू घट्ट करा. घट्ट करतानाही मोटर किंचित वळते, तेव्हा पुन्हा तपासा, आणि पहिला व शेवटचा ट्रॅकही बघा. पूर्वीचे तंत्रज्ञ हे काम खास ॲनालॉग डिस्क आणि ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं उपकरण) लावून करत. पडद्यावर मांजरीच्या डोळ्यांसारखे दोन फुगे दिसत आणि ते सारख्या उंचीचे झाले की हेड जागेवर. तशी अस्सल डिस्क मिळाली तर तीच पद्धत वापरा, कारण साधी डिस्क फक्त 'वाचलं' किंवा 'नाही वाचलं' एवढंच सांगते. वरच्या आणि खालच्या हेडचं एकमेकांशी असलेलं स्थान मात्र कधीही छेडू नका.

इलेक्ट्रॉनिक्सचं थोडक्यात: १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पुढच्या काही साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये बोर्डावर चिकटवलेले छोटे ॲल्युमिनियमचे कॅपॅसिटर गळतात. त्यांच्या बुडाशी ओलसर तपकिरी डाग, काळवंडलेलं सोल्डर किंवा गरम झाल्यावर मासळीसारखा वास, या त्याच्या खुणा. ते काढून, बोर्ड धुऊन नवे बसवावे लागतात. सोल्डरिंगचा हात बसला नसेल तर हे काम सरावलेल्या माणसाकडून करून घ्या, कारण सडलेल्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे पटकन उखडतात.

## वाचायला बसाल तेव्हा

मौल्यवान डिस्क पहिल्यांदा वाचाल ती कदाचित शेवटचीही असेल. म्हणून फायली कॉपी करण्याऐवजी पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, एका फायलीत घ्या. ग्रीझवीझल, क्रायोफ्लक्स, सुपरकार्ड प्रो ही उपकरणं डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवतात, आणि मग त्यातून मजकूर काढायचा प्रयत्न डिस्कला पुन्हा न घासता कितीही वेळा करता येतो. प्रत्येक ट्रॅकचे निदान तीन फेरे नोंदवा. सव्वापाच इंची ड्राइव्हला १२ व्होल्टची वेगळी वीज द्यावी लागते हे विसरू नका. एखादा सेक्टर (ट्रॅकचा एक तुकडा) हट्टाने वाचला जात नसेल तर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. दोन ड्राइव्हची हेड नेमक्या एकाच रेषेवर नसतात, आणि तो केसभराचा फरक कधी कधी कामी येतो.

जुन्या हार्ड डिस्कबद्दल इथे एवढंच. १९८० च्या ५ एमबीच्या एसटी-५०६ पासून पुढच्या कोणत्याही हार्ड डिस्कचं सीलबंद झाकण उघडू नका. आत हेड पृष्ठभागाच्या इतकं जवळ तरंगतं की धुळीचा कणही त्याला डोंगर आहे. बरीच वर्षं पडून असलेली डिस्क फिरतच नसेल तर हेड चकतीला चिकटलेलं असू शकतं. तशी ती एकदा जरी फिरली तरी लगेच सगळा मजकूर उतरवून घ्या, ती पुन्हा सुरू होईलच असं धरू नका. आणि हलवण्याआधी हेड पार्क करणारा, म्हणजे सुरक्षित जागी नेऊन ठेवणारा, आदेश द्यायला विसरू नका, जुन्या डिस्कांमध्ये ते आपोआप होत नाही.

ड्राइव्ह ठेवताना सव्वापाच इंचीमध्ये पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं वाहतुकीचं कार्ड घालून दांडी बंद करा, म्हणजे दोन हेड एकमेकांवर आपटणार नाहीत. मूळ कार्ड नसेल तर टाकाऊ डिस्क चालते. डिस्क उभ्या, कोरड्या, गार जागी, स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा ड्राइव्ह पाच मिनिटं फिरवा आणि हेड शून्यापासून शेवटच्या ट्रॅकपर्यंत काही वेळा नेऊन आणा, म्हणजे नवं ग्रीस एका जागी बसत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवा: हेड कधी पुसलं, कोणतं ग्रीस लावलं, वेग किती भरला, जम्पर कुठे होता. माझ्याकडच्या एका ड्राइव्हच्या झाकणाआड आधीच्या मालकाने पेन्सिलने लिहिलेलं फक्त '२९९.८' सापडलं होतं. मी मोजला तेव्हा वेग २९९.६ भरला, म्हणून त्या पेचाला हातही लावला नाही.